सकाळी दहा पस्तीसचं लग्न

आमच्या धाकट्या लेकीच्या पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकीची छापली होती आणि ती मी स्वतः, शांत डोक्याने, दोनदा तपासून छापून घेतली होती.

कारण थोरलीचं लग्न. तिच्या पत्रिकेत 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे' असं खरंखरं छापलं होतं. आमच्या जळगावात छापील वेळ म्हणजे आंघोळीला जायची वेळ! मुहूर्ताला मंडपात आम्ही, गुरुजी आणि खुर्च्या. अक्षता टाकायला आचाऱ्याची माणसं बोलवावी लागली (त्यांनी मनापासून टाकल्या, पण पिठाच्या हातांनी). धाकटीच्या वेळी मंडप भरलेला हवा, एवढंच मी ठरवलं होतं.

म्हणून मुहूर्त दुपारचाच, पण पत्रिकेत 'सकाळी १० वाजून ३५ मिनिटे'. खरी वेळ फक्त धुळ्याच्या व्याह्यांना, गुरुजींना आणि आचाऱ्याला सांगितली. लोक वेळेवर आले तर काय, असं ह्यांनी एकदा विचारलं. मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे.

लग्नाच्या सकाळी मेहरूणच्या पार्लरमध्ये मी नवरीजवळ निवांत बसले होते. एरंडोलच्या माझ्या भावाचा, प्रकाशचा, फोन आला.

"अक्का, बठ्ठा लोके ई ग्यात. नवरदेव कोठे शे?"

"सगळे म्हणजे किती?"

"खुर्च्या सरन्यात."

नवरदेव अजून धुळ्यातच होता! आणि प्रकाश, जो स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा आला होता, तो वेळेवर कसा? त्याचं म्हणणं असं, की पत्रिका अक्काची. थोरलीच्या वेळेसारखा उशीर करून पुन्हा वर्षभर तिचं कोण ऐकून घेणार? सगळ्या पाहुण्यांनी हाच विचार केला होता.

पाहुण्यांना भूक लागली. ह्यांनी घाबरून पंगत बसवली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पोटभर खाऊन लोकांनी ह्यांच्या हातात आहेराची पाकिटं ठेवली आणि चपला शोधायला सुरुवात केली.

ह्यांचा फोन आला. "मंडप रिकामा होतोय. आता काय करायचं ते तूच सांग."

मी लगेच प्रकाशला सांगितलं, एकालाही बाहेर सोडू नकोस. त्याने एरंडोलहून आणलेला ट्रॅक्टर फाटकात आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली. मी नवरीला घेऊन पोचले, तेव्हा आम्हाला ट्रॅक्टरच्या कडेने शालू सावरत आत शिरावं लागलं. आतून कोणीतरी, "ह्यांना बरं आत सोडलं!" असं म्हणालंही.

शेवटी नवरदेवाची वरात आली. तिला वाट द्यायची म्हणजे ट्रॅक्टर हलवणं आलं. ट्रॅक्टर हलला की पाहुणेही हलणार. बरं, प्रकाश नवरीचा मामा. तिला बोहल्यावर न्यायला तोच हवा. फाटकावर मग असं माणूस हवं होतं, ज्याला सगळे घाबरतात.

मंडप गच्च भरला होता, असं सगळे सांगतात. मी काही पाहिला नाही. अक्षता पडल्या तेव्हा मी मंडपाकडे पाठ करून, फाटकात दोन्ही हात पसरून उभी होते!