आत्या आणि शिवेचा दगड

आमच्या आत्याला सासरहून माहेरी आणायला दोन माणसं लागत, आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. तिच्या लग्नात मानपानावरून बिनसलं आणि माझ्या वडिलांनी शपथ घेतली, मोगलाईत, म्हणजे तिच्या सासरच्या निजामी मुलखात, पाय ठेवणार नाही. आत्याच्या यजमानांनीही तितक्याच तत्परतेने उलटी शपथ घेऊन टाकली. मिरजगावच्या पुढे, आपल्या आणि बीडच्या शिवेवर, निजामाच्या वेळचा एक घडीव दगड होता. तिथवर यजमान तिला आणून सोडत, तिथून वडील घेऊन येत. दोघेही तोंड फिरवून उभे असत.

त्या दगडाचं एक जुनं छापील पोस्टकार्ड आत्याला सासऱ्यांच्या पेटीत सापडलं होतं. दगड, शेजारी बाभूळ, मागे उघडा माळ. तिने ते देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवलं. कुणी हसलं की म्हणायची, "दोनी घरं ह्याच्यामुळं टिकली. देव काय येगळं करतो?"

दगडापाशी ती थोडा वेळ टेकायचीच. वडील घाई करायचे. "हितं मी कुनाचीच न्हाई," ती म्हणायची. "जरा बसू दे."

मग रस्ता रुंद झाला आणि दगड मुरमाखाली गेला. त्या दिवाळीला यजमानांनी तिला एका जागी उतरवलं, वडील बरेच अलीकडे थांबले. शीव आपण उभे आहोत तिथेच, असं दोघांचंही म्हणणं. पुढे कुणी सरकेना. आत्याने कार्ड आधी यजमानांना दाखवलं, मग चालत जाऊन वडिलांना. शेवटी म्हणाली, "फोटूत दगड हाय, जागा न्हाई." आणि सासरी परत फिरली. त्यानंतर ती माहेरी आली नाही. मला या दोघांचा फार संताप यायचा. आता तोही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते वडिलांनी स्वतः निवडलं आणि मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसले. मला रडू यायला हवं होतं. मी नुसता गाडी चालवत होतो.

"शीव आली की थांब," वडील म्हणाले. "त्यांचं कुनीतरी यील लुगडं न्यायला."

शीव केव्हाच मागे पडली होती. मी तसं सांगितलं.

त्यांनी मांडीवरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाले, "जोरात घे. लई वेळ थांबलीय ती."