समुद्रकाठचं हक्कसोडपत्र

“सही करायला आलेल्या बहिणीला मी खुर्ची देत नाही, बसली की रडते.”

मंजुषा हे एकदा चहा पिता पिता बोलून गेली होती. बोलून झाल्यावर तिनं कप पायाशी ठेवला आणि पुढचा कागद टाईप करायला घेतला. तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर, लिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये तिचं टेबल होतं. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, वारा आला की कागदावर ठेवायला एक फरशीचा तुकडा. बारा वर्षं ती तिथं बसत होती. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं असं सगळंच करायची, पण खरा धंदा हक्कसोडपत्रांचा. बाप मेला की सातबाऱ्यावर मुलांच्या खाली मुलींचीही नावं चढतात. मग एखाद्या दिवशी भाऊ बहिणीला गाडीत घालून आणतो आणि बहीण आपलं नाव काढून देते. राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणतंही नशापाणी न करता. मंजुषाची बोटं हे शब्द डोळे मिटून टाईप करायची.

सही झाली की बहिणीला साडी मिळते, असा रिवाज आहे. साडी बघून जमीन कुठं आहे ते मंजुषा सांगू शकायची. सिंथेटिक असली तर माळरान. काठपदर असला तर विहिरीची. पैठणी निघाली तर समजायचं, जमीन डांबरी रस्त्याला लागून आहे. शेजारचा झेरॉक्सवाला पुंजाराम तिच्याशी चहाची पैज लावायचा आणि दर वेळी हरायचा.

तिचे वडील सखाराम जाऊन तीन वर्षं झाली होती. फुलंब्रीच्या अलीकडं त्यांची चार एकर जमीन. सातबाऱ्यावर तीन नावं चढली होती : आई आवडाबाई, धाकटा भाऊ विश्वजीत आणि चिकलठाण्याला दिलेली मंजुषा. तीन वर्षं त्या नावाची कुणाला अडचण झाली नाही. मग समोरचा रस्ता रुंद झाला. विश्वजीतचं खताचं दुकान होतं. त्याला आता लग्नाचं लॉन्स काढायचं सुचलं. नावही ठरलं होतं, ‘आवडाई लॉन्स’. आईचं नाव कमानीवर लागणार होतं. त्यासाठी बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून निघायला हवं होतं, कारण बँकेला कोरा उतारा लागतो.

हे मंजुषाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला फोन आला तो असा : “ताई, सुट्टीत समुद्रावर चाललोय. तू अन् तनुजा चला. खर्चाचं बोलायचं नाय. अन् लॅपटॉप घे सोबत, तनुजाचा कॉलेजचा फॉर्म तिथं निवांत भरू.”

मंजुषाच्या नवऱ्याला, सुदर्शनला, कंपनीतून रजा मिळाली नाही. त्याला तर कुणी बोलावलंही नव्हतं.

पहाटे गाडी दाराशी आली तेव्हा विश्वजीतची बायको अमृता पुढच्या सीटवरून उतरली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही पुढं बसा. मागं हादरे बसतात.” लग्नाला अठरा वर्षं झाली होती, नणंदेला बसणारे हादरे अमृताला पहिल्यांदाच दिसले.

एकोणीस वर्षांची तनुजा मागं आजीशेजारी बसली. पहिल्या चहाला उतरल्यावर ती आईच्या कानाशी लागली. “पुढची सीट, आई. तुझी विकेट पडली.”

“गप बस.”

“तूच सांगते ना, साडीवरून जमीन कळती. मग समुद्रावरून किती एकर?”

मंजुषा हसली. तिला हसू येण्यासारखंच होतं. देवदर्शनाला नेणारे भाऊ तिनं पाहिले होते, मोबाईल देणारे पाहिले होते. बहिणीला थेट अरबी समुद्र दाखवणारा हा पहिलाच. आणि घाट उतरेपर्यंत तिनं ठरवूनही टाकलं, की सही द्यायची. तनुजाच्या लग्नात पाठीशी मामा उभा राहायला हवा. दिवाळीत चार दिवस जायला एक दार हवं. तिथं गेलं की निदान आईच्या हातचा चहा तरी बसल्या जागी मिळतो. त्या बदल्यात एकर-सव्वा एकर जाऊ दे. फक्त विशूनं तोंडानं विचारावं. ‘ताई, देतेस का?’ एवढंच. आपल्या टेबलापुढं उभ्या राहिलेल्या बायांना कुणी असं विचारलं होतं का, हे मात्र बारा वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं.

दुसरा दिवस आरामाचा ठरला होता. मराठवाड्यातला माणूस आराम करायला निघाला की आधी दमतो. सकाळी साडेसहालाच विश्वजीतनं सगळ्यांना उठवून वाळूत नेलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्याखालपर्यंतची पँट घातली होती आणि आपल्या पोटऱ्या इतक्या पांढऱ्या आहेत हे त्यालाही नवीन होतं. लाटेत घोट्याइतका उभा राहून तो फोनवर ओरडत होता, “नाय, युरिया सोमवारनंतर. हां, समुद्राचाच आवाज हाय. ऐक, ऐक.” आणि त्यानं फोन लाटेकडं धरला.

आवडाबाई लुगडं वर खोचून पाण्याकडं बघत बसल्या होत्या. “एवढं पाणी,” त्या म्हणाल्या, “अन् खारं?”

“हो आई.”

“सगळंच?”

“सगळंच.”

“मंग कशाला ठिवलंय?”

अमृता नणंदेच्या गळ्यात हात टाकून व्हिडिओ काढत होती. एकदा जमला नाही, कारण मंजुषा हसली नाही. दुसऱ्यांदा हसली, पण लाटेनं अमृताचा चष्मा भिजला. तिसरा जमला. दहा मिनिटांत तो स्टेटसला लागला : ‘नणंद नव्हे, बहीणच!’ अठरा वर्षांत या घरात मंजुषाच्या हाताखाली उशी सरकवली गेली नव्हती. त्या सकाळी खुर्ची आली, छत्री आली, शहाळं आलं. शहाळ्यातली मलाई खरवडून द्यायला विश्वजीत स्वतः उठला. ती दर वेळी त्याच्याकडं बघायची. आता विचारील. तो म्हणायचा, “ताई, ऊन लागतंय का?”

जेवणात तांदळाची भाकरी आली. आवडाबाईंनी ती उचलून उजेडात धरली. “ही भाकर हाय का रुमाल?” वाढणारा बिचारा ओशाळला. अमृतानं घरून आणलेल्या बाजरीच्या दशम्या आणि ठेचा काढला, आणि पहिली दशमी नणंदेच्या ताटात पडली. तनुजानं आईकडं पाहिलं. मंजुषानं ताटाकडं पाहिलं.

दुपारी विश्वजीत घोरत होता. ज्या खोलीला त्यांनी समुद्र दिसणारी म्हणून जादा पैसे दिले होते, त्या खोलीतून समुद्र न्हाणीघराच्या खिडकीतून दिसत होता, तोही बादलीवर चढल्यावर. व्हरांड्यात आवडाबाई लेकीच्या केसांना तेल लावत बसल्या.

“इशू लई करतो तुझं.”

“करतो की.”

“मंग आपुन बी करावं.”

“काय करू, सांग ना आई. तू सांग.”

आवडाबाईंचा हात केसात थांबला. “मला काय इचारती,” त्या म्हणाल्या. “मी अडाणी.” आणि तेल पुन्हा जिरू लागलं. या बाईला बाजारात कुणी पाव किलो मागं फसवू शकलं नव्हतं. अडाणीपणा त्या सणासुदीला नेसायच्या लुगड्यासारखा जपून ठेवत आणि नेमक्या वेळी काढत.

संध्याकाळी रिसॉर्टच्या जेवणाच्या खोलीत सगळे चहाला बसले. कांदाभजी आली. बाहेर भरती होती. विश्वजीतनं एक भजं तोंडात टाकलं, ते गरम निघालं, तोंड उघडं ठेवूनच तो म्हणाला, “ताई, लॅपटॉप काढ जरा.”

“तनुजाचा फॉर्म भरायचा?”

“फॉर्मचं बघू नंतर. ते आपलं हक्कसोडचं होऊन जाऊ दे. सोमवारी रजिस्ट्रीला नंबर लावलाय. म्हणलं घरात टायपिस्ट असताना बाहेर कशाला जायचं?”

उठलीच आहेस तर पाणी पण आण, असं म्हणावं तसं तो बोलला. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. महिन्याला चाळीस बहिणींचे कागद करणारी बाई स्वतःचा एक करायला किती वेळ घेईल?

तनुजा म्हणाली, “भारी हाय मामा. बोकडालाच सुरीला धार लावायला सांगायचं.”

“मोठ्यांत बोलू नको गं.”

पण मंजुषा हसली आणि तिनं लॅपटॉप काढला. मग सगळेच हसले. अमृतानं भज्यांची अख्खी बशी तिच्यापुढं सरकवली. आवडाबाईंनी बोटं कानशिलावर मोडली.

कागद तयारच होता. नावं तेवढी बदलायची. मंजुषानं लिहून देणार म्हणून स्वतःचं नाव घातलं, वय सत्तेचाळीस घातलं. धंदा या रकान्यात कायम ‘घरकाम’ असायचं. ते खोडून तिनं ‘टंकलेखन’ लिहिलं.

मागं उभ्या विश्वजीतनं बोट लावलं. “घरकामच राहू दे. उगं चौकशा होत्यात.”

तिनं पुन्हा घरकाम केलं. गट नंबर, चतुःसीमा काही विचारावं लागलं नाही; पूर्वेला ओढा, पश्चिमेला धोंडिबाची बाभळ. वडिलांनी लग्नात योग्य तो खर्च केला असून आता मिळकतीत काही हक्क, हितसंबंध राहिला नाही, हेही आलं. राजीखुशीनंही आलं. शेवटच्या पानावर विश्वजीत थबकला.

“हे काय?”

“काय?”

त्यानं शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं. “‘लिहून देणार हिचे माहेरी येणे-जाणे व मानपान पूर्वीप्रमाणे कायम राहील.’ हे कुठून आलं?”

ही ओळ मंजुषाची स्वतःची होती. सुरुवातीच्या वर्षी एक बाई सही करून झाल्यावर टेबलाजवळून हलेचना, म्हणून तिनं ती घातली होती, आणि मग तशीच राहू दिली. कायद्यात तिला काडीची किंमत नव्हती. वकील हसायचे, भाऊ वाचायचे नाहीत. पण हजारो बाया तेवढी एक ओळ नक्कल म्हणून पिशवीत घालून सासरी गेल्या होत्या.

“सगळ्यांच्यात असती ती,” मंजुषा म्हणाली.

“आपल्यात नको. वकील म्हणला, जास्तीचं काही राहू देऊ नको. बँकवाले असल्यालाच धरून बसत्यात. उद्या कुणी म्हणंल, राहायचा हक्क लिहून दिला. उडव.”

“कोण म्हणंल?”

“कुणी बी.”

“मी, का तनुजा?”

“तसं नाय ताई. कागद म्हणल्यावर कागदासारखा पायजे.”

“नुसती ओळ हाय रे विशू. तिनं काय होतंय?”

“नुसतीच हाय ना? मंग उडव की.”

अमृता म्हणाली, “ताई, अहो घर तुमचंच आहे.”

आवडाबाई चहाच्या बशीत फुंकर घालत म्हणाल्या, “उडव मंजे. येणं-जाणं काय कागदावर आसतं व्हय?”

मंजुषानं आईकडं पाहिलं. आवडाबाईंनी बशी तोंडाला लावली; बशीआड त्यांचे डोळे दिसेनात. अमृता स्क्रीनकडं बघत होती. विश्वजीतचं तेलकट बोट अजून त्या ओळीवर होतं, आणि ते उचललं तेव्हा काचेवर डाग राहिला.

मंजुषानं तो डाग पदरानं पुसला. मग लॅपटॉप मिटला. भिंतीतला चार्जर काढला, वायर चार बोटांभोवती गुंडाळली, सगळं पिशवीत घातलं.

“अगं, प्रिंट?” विश्वजीत म्हणाला. “मॅनेजरला सांगून ठिवलंय मी. कागद बी त्याच्याकडंच हायेत.”

पिशवी तिनं खांद्याला लावली.

“ताई, भजी तरी खा. ताई? आई, बघ ना हिच्याकडं!”

तनुजा उठून तिच्या मागं निघाली. दाराशी चपलांचा ढीग होता. मंजुषाच्या चपला सगळ्यात खाली गेल्या होत्या. त्या तिनं पायानंच ओढून काढल्या, वाळू झटकली, घातल्या, आणि ती बाहेर पडली.