दादाचे अकलोलीतले चौदा महिने

रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे हातात धरून उभी होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. रफीकभाई माझ्या भावाचे जुने सोबती, पण मला ते कधी फोन करत नसत. "दीदी, आप आ जाइए," एवढंच म्हणाले. मागे लूमची खटखट तेवढी ऐकू येत होती. नंतर कळलं ते असं, की दादा कारखान्यासमोरच्या टपरीवर बाकड्यावर बसून कुणाची तरी नेहमीसारखी थट्टा करत होता आणि ती थट्टा अर्धीच राहिली. या गोष्टीला आता दीड महिना होईल. ठाण्याहून भिवंडीला जाणाऱ्या रस्त्यावर मी त्या दिवशी ट्रकांच्या रांगेत दीड तास अडकले होते आणि सगळा वेळ दादावर चिडत होते. मेलेल्या माणसावर चिडता येतं, हे मला तेव्हा कळलं.

बाळाराम हा माझा थोरला भाऊ. आम्ही भिवंडीजवळच्या शेलार गावचे. वडील भातशेती करायचे, पण दादाचं मन चिखलात कधी रमलं नाही. सतराव्या वर्षी तो लूमच्या कारखान्यात शिरला आणि पुढे जॉबर झाला, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून परत चालता करणारा कारागीर. लूमवर नुसता तळहात ठेवला की कुठे काय सैल झालंय ते त्याला कळायचं. पाना नंतर. माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाचा खर्च त्यानेच केला, आणि मी नोकरीला लागल्यापासून मला 'डॉक्टरीण' म्हणून चिडवायलाही त्यानेच सुरुवात केली. मी घरी गेले की सुगंधा वहिनीला म्हणायचा, "डॉक्टरीण आली गो, आता मीठ लपव." आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलणारे. दादा तर असा बोलायचा, की शेजारच्यांना वाटावं भांडण लागलंय. कारखान्याची सवय, असं आम्ही सगळे म्हणायचो आणि विषय तिथेच संपायचा.

चाळीसेक वर्षं सुताच्या धुळीत काढल्यावर त्याला खोकला लागला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, की काम सोडा, जमलं तर गावही सोडा. काम त्याने सोडलं. गाव सोडून जायचं कुठे, हा प्रश्न मात्र आमच्या घरात दोन महिने पुरला. शेलारच्या शेतावर गोदाम उभं राहिलं होतं. त्या जमिनीच्या वाट्याचे पैसे बँकेत होते, त्यांच्या व्याजावर दोघांचं भागणार होतं. पेन्शन नाही, मुलगी बदलापूरला दिलेली. तिच्या इमारतीत फ्लॅट घेतला तर सगळी पुंजी भिंतींत जाणार. माझ्याकडे ठाण्याला या म्हटलं, तर दादा म्हणाला, बहिणीच्या घरी भाऊ पाहुणा म्हणून शोभतो. मग मी अकलोली शोधून काढलं. वज्रेश्वरीजवळ, नदीकाठी. भिवंडीच्या खोलीच्या निम्म्या भाड्यात अंगणासकट दोन खोल्या, दारात भाजी, चांगली हवा आणि गुडघ्यांसाठी गरम पाण्याची कुंडं. दवाखाना जरा लांब होता, पण तेवढं चालण्यासारखं होतं. मी हे सगळं इतक्या हुशारीने मांडलं, की दादाने मान डोलावली. वहिनीला कुणी विचारलंच नव्हतं, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

पहिले दोन-तीन महिने मी स्वतःवर फार खूश होते. दादाचा खोकला उतरला, रंग सुधारला. मी जाऊन त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावायची आणि समाधानाने मान हलवायची. पण तो हळूहळू बोलेनासा झाला. थट्टा बंद. मीठ लपवायचंही सांगेना. शेजारचे वहिनीला म्हणायला लागले, की तुमचा माणूस गर्विष्ठ दिसतो, हाक मारली तर बघत नाही, आणि बोलला तर अंगावर आल्यासारखा बोलतो. वहिनीने ते मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, रमेल हळूहळू. नव्या जागी असं होतंच.

एका रविवारी मी न सांगता गेले. दादा अंगणात माझ्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसला होता. मी फाटकातून हाक मारली. परत मारली. मग अगदी जवळ जाऊन मारली... त्याने शेंग सोलून दाणे ताटात टाकले आणि दुसरी उचलली. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे त्याचा चेहरा फुलला. "कधी आलीस गो?" म्हणाला.

मी तीस वर्षं नर्स आहे. रोज माणसं तपासते. सख्खा भाऊ बहिरा आहे, हे मला कळलं नव्हतं. मी त्याची छाती तपासत राहिले, कान कधी तपासलेच नाहीत. माझा फोन नेहमी वहिनीच घ्यायची, तो का उचलत नव्हता, हेही त्याच दिवशी कळलं. लूमच्या आवाजाने त्याचे कान केव्हाच गेले होते, पण कारखान्यात तर कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ पुरते उघडून बोलतात, हातांनी बोलतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून ऐकतात. आम्ही घरचेही नकळत तसंच बोलायला शिकलो होतो. भिवंडीत दादाचं काही अडत नव्हतं. अकलोलीची माणसं मात्र सावकाश, ओठांतल्या ओठांत, चालता चालता बोलायची. कुंडात तर सगळे डोळे मिटून एका ओळीत बसायचे, वर वाफ. दादा त्यांच्यात बसायचा आणि बाकीचे हसले की क्षणभराने हसायचा.

मी लगेच कानाचं मशीन आणलं. चांगल्यातलं आणलं. आठवडाभर लावून त्याने ते डबीत ठेवून दिलं. "पंखा बोलतो, भांडी बोलतात, कोंबडी बोलते," म्हणाला, "मानूस तेवढा बोलत न्हाय." मी रागावले, समजावलं, कानाच्या डॉक्टरकडे दोनदा नेलं. सवय व्हायला वेळ लागतो, हे खरंच होतं. पण दादाला तो वेळ द्यायचा नव्हता. चौदाव्या महिन्यात त्याने टेम्पो बोलावला आणि मला कळवायच्या आत भिवंडीच्या जुन्या गल्लीत, दुप्पट भाड्याच्या एका खोलीत सामान उतरवलंसुद्धा. दोन्ही बाजूंना कारखाने.

मी तडक गेले. धूळ, ट्रक, खोकला, व्याजात भाडं कसं बसणार, सगळं त्याच्या तोंडासमोर उभं राहून बोलले. त्याने माझं एक अक्षर सुटू दिलं नाही, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मग एरवी कधी नव्हे एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "शकू, तिकडची हवा लय चांगली हाय. मी न्हाय कुठं म्हनतो? पन तिकडं मी बहिरा हाय. हितं न्हाय."

मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. बहिऱ्या भावाशी अबोला धरणारी मीच शहाणी. मग एकदा वहिनीला ताप आला म्हणून गेले, तर दादा टपरीवर उभा आणि रस्त्याच्या पलीकडे कारखान्याच्या दारात रफीकभाई. मधून ट्रक, रिक्षा, टेम्पो, कर्णकर्कश हॉर्न. आणि हे दोघे आवाज न काढता गप्पा मारत होते. ट्रक आडवा आला की थांबायचे, गेला की पुढे सुरू. टपरीवाल्यानेही एका हाताने चहा गाळत दुसऱ्या हाताने मध्येच एक खूण टाकली आणि तिघेही हसले. दादा सगळ्यांच्या आधी हसला. मला मात्र त्यातलं काहीही कळलं नाही. त्या रस्त्यावर बहिरी होते ती मी.

तो पुढे तीन वर्षं जगला. खोकला वाढत गेला, पंप लागला, शेवटच्या हिवाळ्यात जिना चढताना तो दोनदा बसायचा. अकलोलीत राहिला असता तर आणखी काही वर्षं जगला असता का? नर्स म्हणून विचाराल तर, हो, बहुधा जगला असता. हे मी स्वतःपासून लपवत नाही आणि त्याच्यापासूनही लपवलं नव्हतं. पुढच्या वर्षी मीही निवृत्त होतेय. लोक मला कर्जतचे, बदलापूरचे शांत फ्लॅट दाखवतात, पाणी-वीज-देखभालीचा खर्च सांगतात. मी सगळं ऐकून घेते आणि विचारते, शेजारी कोण राहतं? त्यांना वाटतं मी जात विचारतेय. मी विचारत असते ते वेगळंच.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात वहिनीकडे गेले होते. आता या धुळीत राहायचं काही कारण उरलेलं नाही, असं मनात घोळवतच गेले. ती आत चहा टाकत होती. मी खाटेवर बसून बाहेरूनच विचारलं, "वहिनी, तू तरी जातेस का अकलोलीला? ते घर अजून रिकामं आहे." या वेळी निदान मी विचारलं तरी.

तिने गॅस बारीक केल्याचं कळलं. पदराला हात पुसत ती बाहेर आली, स्टूल ओढून माझ्या अगदी समोर बसली आणि खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी थोडी सरकली. मग एकेक शब्द वेगळा करत, ओठ पुरते उघडून तिने सांगितलं, "न्हाय गो. मी हितंच बरी हाय."

माझे कान चांगले आहेत. तरी मी तिच्या ओठांकडेच बघत होते.