कार्टूनमधला बैल आणि आमचे आप्पा

मंडळी, हसू नका. आज मी कार्टूनमधल्या एका बैलावर जळतोय.

दिवाळीनंतर आज पहिल्यांदाच पुण्याहून पालीला घरी आलो. एरवी माझी बॅग घ्यायला आप्पा फाट्यावर उभे असतात. आज कुणीच नाही.

घरी येऊन बघतो तर आप्पा टीव्हीसमोर. एक मठ्ठ बैल आणि त्याच्याहून मठ्ठ कुत्रा चिखलात रुतलेले, आणि आप्पा डोळे पुसत हसतायत. माझ्या बोलण्यावर कधी हसलेत असे?

मला म्हणाले, "थांब रं जरा, आत्ता भाईर निघत्यात!"

मी चिडलो. "एवढं काय आहे त्या येड्यांत?"

टीव्हीवरची नजर न काढता आप्पा म्हणाले, "येडी हायेत, पण रोज येत्यात."

आता सांगा, भांडू कुणाशी?