फळीवरचा गुडघा

पडद्यावर मी होतो. डोंबिवलीतल्या एका शाळेचा हॉल, दिवे मालवलेले, प्रोजेक्टर खट् करून पुढे सरकला आणि मी आलो. मांडीपर्यंत बर्फात. दोन्ही स्की निसटून मोकळ्या झालेल्या, एकीवर माझा एक गुडघा, दुसरा पाय मागे बर्फात रेटलेला. तोंड वासलेलं.

"हा आमचा कोळ्या," लीडर म्हणाले. आमच्या गिर्यारोहण क्लबमध्ये सगळे त्यांना सर म्हणत, पाठीमागे लीडर. "खाडी सोडून आला, पण खाडी याला सोडत नाही. आणि बर्फाशी तर यांची जुनी ओळख आहे बरं का. मासे ठेवायला लागतो ना!"

हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल तोंडाला लावून हसल्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो.

मी पण हसलो.

खरं तर त्या संध्याकाळी माझी ओळख इन्स्ट्रक्टर म्हणून करून द्यायची होती. तसं ठरलेलं. आमच्या क्लबमधून स्कीइंगचा शेवटचा, शिकवण्याचा कोर्स पास झालेला मी एकटा. लीडरसुद्धा त्याच्या आधीच्या कोर्सला थांबलेले. खट्. पुढची स्लाइड. सूर्यास्त.

तो फोटो पहिल्या कोर्सचा. क्लबने मला नेलेलं ते स्कीची बंडलं उचलायला. अंगाने दणकट, कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला, रजा मिळायची. बंडलं वर पोचवली तर शिकायला मिळेल, असा सौदा. वर्तकनगरच्या एका मित्राने जमवून दिलेला. मी खूश होतो. आमच्या खाडीकाठच्या बाळकुमच्या बाहेर मला तोवर कोणी कुठे नेलेलंच नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी उताराच्या कडेला मऊ बर्फात घुसलो. दोन्ही स्की सुटल्या. पाय टाकला की मांडीपर्यंत आत. ओढला की दुसरा आत. आणि मग डोक्याने काही ठरवायच्या आत अंगाने ठरवलं. मी एका स्कीवर गुडघा टेकला, पुढे वाकलो, मोकळ्या पायाने रेटत सुटलो. सरळ बाहेर आलो.

आय असंच करायची. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की फळी घेऊन निवट्या, चिखलातले मासे, धरायला जायची. चिखल कमरेपर्यंत गिळतो, चालता येत नाही. फळीवर एक गुडघा, एक पाय मागे. तिच्या मागे माझी छोटी फळी. "मांगं कलू नको रं," ती ओरडायची. "पुढं बघ. मांगं कललास का गेलास."

बर्फात सगळे लोळून हसले. लीडरने फोटो काढला. कोर्सला शिकवणारे आमचे उस्ताद, पहाडी माणूस, कमी बोलायचे, ते एकटेच हसले नाहीत. जवळ आले.

"ये कहाँ सीखा?"

"कहीं नहीं, उस्ताद. डर गया था."

"डरा हुआ आदमी ऐसे नहीं चलता."

मी खाली बघितलं. एवढंच सांगायचं होतं. चिखलात शिकलो, आईकडून. जीभ उचलली नाही. वास येईल असं वाटलं. त्या पांढऱ्या स्वच्छ बर्फात आपल्या तोंडून खाडीचा वास येईल.

पुढचे कोर्स क्लबशिवाय, एकट्याने जाऊन केले. तंबूत बाकीचे गाणी म्हणायचे, मी बूट सुकवत बसायचो. कुठला म्हणून विचारलं की ठाणे. ठाण्यात कुठे? स्टेशनजवळ. बाळकुम स्टेशनजवळ नाही. नवशिक्याला शिकवायची परीक्षा झाली, त्यात पास झालो. मी शिकवलेली माणसं पुढे वाकायची, पडायची नाहीत. का वाकायची ते मी कोणाला सांगितलं नाही.

स्लाइडच्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी कल्याण स्टेशन. उत्तरेची गाडी यायची होती. नवी बॅच जमलेली, आईवडील, डबे, थर्मास. माझ्या दोन्ही खांद्यांवर स्कीची बंडलं. बॅचमधली एक मुलगी आली, चांगली हसरी.

"दादा, ही बॅग पण घ्याल ना?"

तिला माहीत नव्हतं. तिची चूक नाही. मी काही म्हणायच्या आत लीडर म्हणाले, "दे गं दे. त्यांच्याकडे डोक्यावर टोपल्या वाहायची सवय असते. याच्या आईला बघ कधी बाजारात."

पुन्हा तेच हसू. हॉलमधलंच. माझ्याही तोंडावर ते यायला लागलं. गाल ताणले गेले. मला कळलं ते. स्वतःचे गाल ताणताना कळले.

मी बंडलं खाली ठेवली. आधी डावं, मग उजवं.

"काय रे कोळ्या, दमलास?"

"मी इन्स्ट्रक्टर आहे," मी म्हटलं. "शिकवायला येईन. ओझी ज्याची त्याने उचलायची."

"अरे, मस्करी केली रे! एवढं मनाला लावून घेतोस?"

"हो."

गाडी आली. त्यांनी आपापसात बंडलं उचलली, धडपडत चढले. मला कोणी चल म्हटलं नाही. नवी मुलगी खिडकीतून बघत राहिली. मग प्लॅटफॉर्म रिकामा. माझी एक सॅक आणि मी.

घरी आयने विचारलं, "माघारी कसा आलास रं?"

"गाडी चुकली."

तेही खोटं. तिची टोपली दाराशी पालथी होती, तिच्याकडे बघत सांगितलं. ती गेली त्याला आता खूप वर्षं झाली. तिची फळी मला बर्फापर्यंत घेऊन गेली, हे तिला माहीतच नाही. उस्तादांनाही नाही. पुढच्या थंडीत मी एकटाच पदरमोड करून वर गेलो, तर ते बदली होऊन गेलेले. ज्यांना सांगायचं त्या दोघांनाच सांगायचं राहून गेलं.

म्हणून आता सगळ्यांना सांगतो. दर थंडीत, माझ्या स्वतःच्या दर नव्या बॅचला, स्की बांधायच्या आधी. मी कोळी. बाळकुमचा. तोल खाडीच्या चिखलात शिकलो, आईच्या मागे, फळीवर. ज्याला हसायचं त्याने आत्ता हसून घ्यावं. ज्याला वास येतो त्याने दुसरा मास्तर बघावा.

कोणीतरी हसतंच. मी त्याच्याकडे बघत उभा राहतो, त्याचं हसणं संपेपर्यंत. मी हसत नाही. मग म्हणतो, गुडघे वाकवा.