पिशवीची वात

मागच्या आठवड्यात अकोल्याला आईकडे गेले होते. अमरावतीहून एसटीत बसले तेव्हा मांडीवर माझ्या नव्या दुकानाची पिशवी होती... आत संत्री.

दुकान बाळांच्या कपड्यांचं. झबली, टोपडी, दुपटी, सगळं सुती. उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि मला झोपेतही टोपड्यांच्या नाड्या दिसत होत्या.

पिशवीवर दुकानाचं नाव, एक हिरवं पान, आणि खाली मी स्वतः रचलेली ओळ... 'मी कापडी पिशवी. मातीतून आले, मातीतच मिसळून जाईन.' माझं हे असंच आहे. व्यवहार कच्चा, पण ओळी भराभर सुचतात.

पिशव्या छापून देणाऱ्याला मी विचारलं होतं, असं लिहायला काही सर्टिफिकेट वगैरे लागतं का? तो हसला. "ते तं आपणच लिवत असतो मॅडम. इकोच हाय हे." इको म्हणजे नेमकं काय, ते मी विचारलं नाही. शब्द कानाला गोड लागला, एवढंच.

खिडकीशी डोकं टेकून मी स्वप्नात गेले. कुठल्यातरी बाळाची आई ही पिशवी वापरून वापरून जुनी करते... मग ती एखाद्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पडते, हळूहळू काळ्या मातीत विरून जाते. तिच्या जागी तरोटा उगवतो, त्याला पिवळी फुलं येतात. एखादी चिमणी तिचा एक धागा घरट्याला नेते... मूर्तिजापूर कधी गेलं, कळलंच नाही.

आईनं पिशवीवरची ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. संत्री टोपलीत काढली, पिशवीची नीट घडी घातली आणि ती देवघरात घेऊन गेली. मी पलंगावर जरा आडवी झाले, तर डोळाच लागला.

जाग आली ती जळकट वासानं. दिवेलागण झाली होती. देवघरात काळा धूर आणि आई पदर नाकाला लावून दिव्याकडे बघत बसलेली. दिव्यात वात नव्हतीच... आक्रसून, वितळून एक काळा गोळा झाला होता.

पिशवीची कड कापून तिनं वात वळली होती! जुन्या सुती कापडाची वात आमच्याकडे करतात, त्यात नवल नाही. पण ही पिशवी तर कोरी होती.

"तुया दुकानाची पयली पिशवी," ती म्हणाली. "म्या मनलं, देवापुढं पयला दिवा तिचाच लावाव. दुकान चालन तुयं."

मी पिशवी हातात घेतली. पहिल्यांदाच नीट घेतली, खरं तर. कड ओढून बघितली तर धागाच निघेना... कापडासारखं दिसणारं प्लॅस्टिक होतं ते.

माझी आई कापसाच्या घरातली. सारं आयुष्य कापूस वेचण्यात, सरकी काढण्यात गेलं. डोळे मिटूनही ती नुसत्या बोटांनी सूत ओळखते. मी म्हटलं, तुला कळलं कसं नाही गं?

"हाताले तं सूत लागूनच नव्हतं राहिलं," ती म्हणाली. "पण तू लिवलं हाय नं वरतं... मले वाटलं, मायाच हाताले आता समजत नसन."

मला रडूच आलं. माझ्या एका गोंडस ओळीसाठी तिनं स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवला होता. देवापुढं धूर झाला त्याचं काही नाही... पण हे फार लागलं.

परतीच्या एसटीत पुन्हा स्वप्न पडलं, पण वेगळं. धुऱ्यावरच्या बाभळीला माझी पिशवी अडकलीय. वर्षं जाताहेत, शेत बदलतंय, माणसं बदलताहेत... आणि ती तशीच फडफडतेय. 'मातीतच मिसळून जाईन' ही अक्षरंसुद्धा तशीच, स्पष्ट वाचता येतील अशी.

पिशव्यांचे गठ्ठे तर दुकानात येऊन पडले होते. फेकून तरी कुठे देणार? मग ती ओळ आणि ते पान काळ्या रंगानं बुजवलं आणि खाली साधं लिहिलं... 'ही पिशवी प्लॅस्टिकची आहे. फाटेपर्यंत वापरा, मग दुकानात परत आणून द्या.' हात भरून आले, पण त्या दोन वाक्यांनी मन हलकं झालं.

उद्घाटनाला आई आली. गल्ल्याशेजारच्या खुर्चीत नव्या लुगड्यात बसली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक आजी, नातीसाठी झबली घ्यायला आलेल्या. त्यांनी पिशवी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पिशवी पन्नीची, तं मंग झबलं तरी सुती हाय का?"

झबल्याच्या लेबलवरचं 'शुद्ध सुती' हेही मी कपडे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या शब्दावरच छापून घेतलं होतं... पिशव्या रंगवण्याच्या नादात हे डोक्यातच आलं नव्हतं!

मी काही बोलायच्या आत आईनं हात पुढे केला. झबलं घेतलं. लेबलकडे बघितलंसुद्धा नाही... डोळे मिटले आणि अंगठ्यानं ते कापड चोळत राहिली. आजी तिच्या बोटांकडे बघत होत्या.

"सूत हाय," आई म्हणाली. "घ्या बाई, निवांत घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. झबलं सुती निघालं म्हणून तर खरंच... पण त्याहून जास्त, आईचा तिच्या हातांवर पुन्हा विश्वास बसला म्हणून.