चौदा नंबर, योशी

माझ्या बायकोला घराबाहेर पडायला नेहमी पाच मिनिटं जास्त लागतात. नटण्यामुरडण्यात नाही, त्यात ती माझ्याआधी तयार असते. तिची पाच मिनिटं जातात बोट दाखवण्यात. गॅसच्या बटणाकडे बोट करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, योशी. मग खिडकी, योशी. एसी, योशी. कुलूप, योशी. योशी म्हणजे ठीक आहे. जपानात आगगाडीचे ड्रायव्हर, कारखान्यातले कामगार असंच करतात. मी मरीन इंजिनिअर आहे, गोदीत जपानी फोरमनना हे करताना मी कितीदा पाहिलंय. पण गोदी वेगळी आणि सिंगापूरमधला आमचा सेम्बावांगचा फ्लॅट वेगळा. रोज सकाळी मी लिफ्टचं बटण दाबून धरतो आणि ओरडतो, "चिहारू, चल गं, गाडी जाईल."

चिहारू जुरोंग ईस्टला एका कंपनीत कंटेनरांची कागदपत्रं सांभाळते. तिच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नाही की ही बाई चौदा वर्षं बायथलॉन खेळली. पाठीवर रायफल घेऊन बर्फात स्कीवर धावायचं, छाती भात्यासारखी हलत असताना थांबून पन्नास मीटरवरची पाच लक्ष्यं पाडायची आणि पुन्हा धावत सुटायचं. एक नेम चुकला की दीडशे मीटरची शिक्षेची फेरी. इथल्या मराठी मंडळींत मी एकदा कौतुकानं सांगायला गेलो, तर आमच्या सुलेखाताई म्हणाल्या, स्की आणि बंदूक एकदम, कशाला पण? तेव्हापासून मी सांगणं सोडलं.

ती होक्काइदोतल्या एका लहान गावची, बटाटे पिकवणाऱ्या घरातली. जपानात साध्या माणसाला रायफल मिळणं महाकठीण, म्हणून अठराव्या वर्षी ती सैन्यात शिरली. चौदा हिवाळे ती धावली. दोनदा गुडघा गेला, एकदा बोटं गोठली. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत एकतिसाव्या नंबरच्या वर ती कधी गेली नाही. तिला हवं होतं ते एकच, ऑलिंपिकच्या संघात नाव. दोनदा थोडक्यात हुकलं. तिसऱ्या वेळी ती बत्तीस वर्षांची होती, संघात एक जागा उरली होती आणि निवडीची एकच शर्यत बाकी होती.

नेमबाजीच्या मैदानावर तीस जागा असतात. प्रत्येक जागेचा नंबर आणि समोर त्याच नंबरची लक्ष्यं. चिहारूची सवय अशी, की जागेवर पोचलं की काठ्या खाली ठेवायच्या, समोरच्या नंबराकडे बोट करायचं, नंबर म्हणायचा, योशी म्हणायचं आणि मगच रायफल काढायची. कोच ताकेबे यांना ते खुपायचं. त्यांनी घड्याळ लावून दाखवलं होतं, यात एक सेकंद वाया जातो. त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, उद्या बोट दाखवायचं नाही. कोचनं सांगितलं म्हटल्यावर तिनं ऐकलं.

वारं आडवं होतं, बर्फ भुरभुरत होतं. ती चौदा नंबरवर उभी राहिली आणि पाचही गोळ्या पंधरा नंबरच्या लक्ष्यांवर घातल्या. पाचच्या पाच पाडल्या. आपण एकही चुकलो नाही या समजुतीत शिक्षेच्या फेऱ्या न घेता ती सरळ पुढं निघाली. शेवटचे अडीच किलोमीटर ती आयुष्यात धावली नव्हती अशी धावली आणि दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली. मग पंच आले. चौदा नंबरवर पाच चुका, न घेतलेल्या प्रत्येक फेरीची दोन मिनिटं, म्हणजे वेळेत दहा मिनिटांची भर. जागा दुसरीला गेली. चौकशीत तिनं मान झुकवून सांगितलं, चूक माझी. कोचचं नावही घेतलं नाही. त्या वसंतात तिनं रायफल परत केली आणि बंदरावर एका जहाज एजंटाकडे नोकरी धरली. तिथंच माझं जहाज दुरुस्तीला लागलं होतं.

हे सगळं तिनं मला लग्नानंतर तीन वर्षांनी, भेंडी चिरता चिरता सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ताकेबे बसला. एका सेकंदासाठी माझ्या बायकोची चौदा वर्षं मातीत घातली आणि ही वर त्याला दर नवीन वर्षाला शुभेच्छांचं कार्ड पाठवते. मी चिडलो की ती म्हणायची, जाऊ दे. या 'जाऊ दे'नं माझं डोकं जास्त फिरायचं.

गेल्या महिन्यात ताकेबे सिंगापूर बघायला आले. शनिवारी दुपारी आम्ही त्यांना तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला नेलं. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो, त्यांच्या तोंडून एकदा तरी वदवून घ्यायचं की चूक तुमची होती. म्हातारा गोड होता, हा आणखी एक वैताग. घाम पुसत, मिटक्या मारत नूडल्स खात होता. मी बोटाचा विषय काढला. ते खुलले. चिहारू मध्ये बसून त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होती.

"ते म्हणतात, ही फार मेहनती मुलगी. तिला बोट दाखवायची वाईट खोड होती. मी ती घालवली."

तिनं हे हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं आणि त्यांच्या पेल्यात चहा ओतला. त्यांना ती शर्यत आठवतही नव्हती. मी काही बोलणार, तोवर तिनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. वांझोटा संताप गिळून मी टॅक्सीपर्यंत त्यांची पिशवी वाहिली.

परत टेबलाशी आलो तर चिहारू उभी राहून बोट करत होती. छत्री, योशी. फोन, योशी. माझा राग कुठंतरी निघायचाच होता.

"सोड ना ते आता," मी म्हणालो. "उगाच वेळ जातो."

तिचं बोट हवेत थांबलं. मग तिनं हात खाली घेतला.

"त्यांनी एकदाच सांगितलं होतं, उन्मेष," ती म्हणाली. "तू सहा वर्षं रोज सांगतोस."

बस, एवढंच. घरी येईपर्यंत ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, वाटेत पपईसुद्धा घेतली. मला मात्र ताकेबेसाठी जमवून ठेवलेला एकेक शब्द स्वतःलाच ऐकवावासा वाटत होता.

सोमवारी सकाळी ती माझ्याआधी लिफ्टपाशी उभी होती. कुलूप लावून झालं होतं. मी विचारलं, गॅस?

"असेल बंद," ती म्हणाली. "चल, गाडी जाईल."

मी किल्ली मागून घेतली आणि परत गेलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो, बटणाकडे बोट केलं. लिफ्ट वर येऊन खाली गेल्याचा आवाज आला. तिला बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी योशी म्हणालो. मग मी खिडकीकडे वळलो.